मार्गे किकवी, फिनलंड

भोरहून पुण्याला जायचं असलं की माणसं पुण्याच्या गाडीत बसतात. चाचा बसत नसत. ते आधी किकवीला जात, जे पुण्याच्या वाटेवर नाही. तिथं हायवेवरच्या टपरीत चहा घेत, टपरीवाल्याचा गैरसमज व्हावा म्हणून साताऱ्याकडे तोंड करून उभे राहत, आणि त्याचं लक्ष दुधाकडे गेलं की रस्ता ओलांडून पुण्याच्या गाडीला हात करत. एवढं करून पुण्यात काम काय, तर चष्म्याची दांडी बसवून आणायची. ती बसवून परतले की चाची दारातूनच ओरडत, "आणली का वो दांडी?" आणि अख्खी आळी ऐके.

चाचा माझे घरमालक. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मी वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्याही पुढं, एका वाडीच्या शाळेवर शिक्षणसेवक होते. वाडीचं नाव सांगत नाही, हा चाचांच्या सहवासाचा परिणाम. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून काढायची. शेरा चांगला मिळाला तर कायम, नाहीतर घरी. माझं घर बीडकडे, तिथं दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली की मिळेल त्या जीपनं भोरला यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत, असा माझा क्रम होता. त्यासाठी चाचांच्या घरामागची खोली मी घेतली होती.

खोली बघायला गेले तेव्हा चाचांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. नाव नाही, गाव नाही, काम नाही. "खोली ही अशी हाय. नळाला पानी सकाळी येतंय," एवढं बोलून ते निघून गेले. मी हरखले. पाचव्या मिनिटाला चाची चहा घेऊन आल्या आणि नाव, गाव, जात, भावंडं किती आणि अजून लग्न का नाही, हे सगळं एका कपात विचारून घेतलं. त्या घराचा समतोल हा असा होता.

चाचा एसटीच्या डेपोत तेवीस वर्षं कारकून होते. त्यांचं टेबल खिडकीशी आणि खिडकी फलाटावर. दिवसभर कानावर एकच प्रश्न पडायचा: कुठं निघालात? आपल्याकडे हे रामराम घातल्यासारखंच विचारतात, त्यात विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. चाचांना ते कधीच पटलं नाही.

"त्यो सवाल न्हाई बाई, पंचनामा हाय," ते म्हणत. "मानूस दवाखान्यात निगालेला असतोय, न्हाईतर पोरीचं स्थळ बगाया. त्यो काय सांगनार? खोटं बोलतोय बिचारा. दिसभरात शंबर मान्सं माझ्या खिडकीफुडं खोटं बोलायची. साधी, गरीब मान्सं! कुनी लावलं त्यांना खोटं बोलाया?"

नोकरीची आठ-दहा वर्षं शिल्लक असताना त्यांनी राजीनामा दिला आणि घराच्या पुढच्या खोलीत तीन संगणक मांडून नेट कॅफे उघडला. तिन्ही मॉनिटर भिंतीकडे तोंड केलेले, म्हणजे मागून जाणाऱ्याला काही दिसू नये. प्रत्येक संगणकाभोवती चाचींच्या जुन्या साडीचा आडोसा. आता भोरमध्ये साडीच्या आडोशामागे संगणक ठेवला, की आत काय चालत असेल याबद्दल लोकांचा तर्क एकाच दिशेला जातो. खरं तर आत कुणी मूळव्याधीवर उपाय वाचत असे, तर एखाद्या मुलीचा बाप होणारा जावई ज्या कंपनीत आहे म्हणतो ती कंपनी आहे तरी का, हे बघत असे. हे मला चाचींकडून कळलं. चाचांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कुठला बाप?

पण नुसत्या आडोशावर त्यांचं समाधान नव्हतं. इथून निघालेला माणूस नेटवर कुठं गेला हे वाटेत कुणालाच कळू नये, असा त्यांचा ध्यास. त्याचं मूळ एका टीव्हीत होतं.

मी यायच्या आधीची गोष्ट. चाचांनी पुण्याहून रंगीत टीव्ही घेतला आणि तो आळीला न कळता घरी आणायचा ठरवला. खोका गोधडीत गुंडाळून किकवीला उतरवला आणि टपरीवाल्याला सांगितलं, शिवणयंत्र आहे. तिथून तो कांद्याच्या टेम्पोतून आंबवड्याला एका ओळखीच्या माणसाकडे गेला. टेम्पोवाल्याला सांगितलं, औषध फवारायचा पंप आहे. आंबवड्याहून बैलगाडीत, भाताच्या पेंढ्याखाली घालून, तो भोरला निघाला. दुर्दैवानं तो बाजाराचा दिवस होता. टपरीवाला, टेम्पोवाला आणि आंबवड्याचा माणूस तिघेही बाजारात एकाच भज्यांच्या गाडीवर भेटले आणि चाचांच्या शिवणयंत्राला पंप का म्हणतात, यावर त्यांची चर्चा झाली. बैलगाडी दाराशी पोचली तेव्हा अकरा माणसं ओट्यावर मालिका बघायला बसली होती.

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. चाचांनी त्यातून नियम काढला. "तिगंबी एका बाजारात भेटले, हितं चुकी झाली. मदली मान्सं अशी पायजेत, की जल्मात एकमेकांना भेटली न्हाई पायजेत."

पुढं जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि शब्दकोश घेऊन, मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या घासून घासून, त्यांनी प्रॉक्सींची साखळी बांधायला घेतली ती याच नियमावर. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीनं जाणारा मधला संगणक. आपण थेट कुठल्या पानावर जायचं नाही. पहिल्याला सांगायचं, पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पहिल्याला ठाऊक, की मागणारा भोरचा. पण काय मागितलं ते ठाऊक नाही. शेवटच्याला ठाऊक, काय मागितलं. पण कुणी ते ठाऊक नाही. डेपोतल्या कोऱ्या राहिलेल्या फॉर्मांच्या पाठीवर चाचा ही साखळी काढून दाखवत: भोर, ब्राझील, कोरिया, फिनलंड. "फिनलंडवाला आन् ब्राझीलवाला भज्याच्या गाडीवर भेटत न्हाईत," ते समाधानानं म्हणत.

मधल्याला आतलं वाचता येऊ नये म्हणून कुलपं कशी लावतात, हेही त्यांनी मला एकदा समजावलं. त्यासाठी चाचींचे स्टीलचे तीन डबे घेतले, लहानात चिठ्ठी घालून कुलूप लावलं, तो डबा मधल्यात, मधला मोठ्यात, प्रत्येकाला वेगळं कुलूप. "ब्राझीलवाल्याकडं फकस्त भायेरच्या डब्याची किल्ली. त्यो उगडनार, आतला डबा बगनार, फुडं धाडनार." मला चटकन समजलं. मग कळलं, की कोरियाची किल्ली कुठंतरी पडलीय आणि आतल्या डब्यात चिठ्ठीखाली चाचींचे लवंग-वेलदोडे आहेत. आठ दिवस घरात बिनमसाल्याचा रस्सा झाला. चाची परसात उभ्या राहून सगळ्या आळीला सांगत होत्या, "कुनाला काय कळू नये म्हून कुलपं लावली, आता घरात चव कुटं गेली त्ये बी कळंना!"

साखळी चालायची, पण फार हळू. एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन, पेपर वाचून, दाढी करून येई. आणि पान यायचं ते शेवटच्या संगणकाच्या देशातून. आंबवड्याच्या एका शेतकऱ्यानं उद्या पाऊस आहे का, हे विचारलं तर उणे अकरा तापमान आणि बर्फ आला. रोपं टाकून बसलेला माणूस, त्याचा चेहरा पडला. "दादा, त्यो बर्फ तुमचा न्हाई," चाचा म्हणाले, "त्यो मदल्याचा हाय." लोक वैतागून म्हणत, चाचा, बिनसाखळीचं नाही का? असायचं. चाचा ते लावूनही देत, पण पोरगं शिकायचं सोडून हॉटेलात लागल्यासारखा चेहरा करून.

मला हा सगळा प्रकार करमणुकीचा वाटायचा. माझ्यावर वेळ आली तेव्हा वाटेनासा झाला.

शाळेत मुलांच्या खिचडीसाठी तांदूळ यायचा. ठेकेदाराचा टेम्पो पोती टाकून जाई. दहा लिहिलेली असत, उतरत सात, आणि त्यातली दोन भिजलेली. "साहेबांनी सांगितलंय, दहा लिवा," ड्रायव्हर म्हणे. मी शिक्षणसेवक, तिसरं वर्ष, सात महिने राहिलेले. मी दहा लिहायची. महिन्याच्या वीस तारखेला तांदूळ संपायचा. त्यानंतरही मुलं सवयीनं ताटल्या घेऊन ओळीत बसायची. आजूबाजूला सगळी भाताची खाचरं, त्या खाचरांत राबणाऱ्यांचीच ही मुलं, आणि मी त्यांना सांगायची, आज नाही हं. तिसऱ्या महिन्यात पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, नुसतं बसू द्या." मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या शनिवारी मी चाचांना म्हटलं, "मला एक पत्र पाठवायचंय. कुणी पाठवलं ते कळता कामा नये. कळलं तर माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या कुणीही विचारलं असतं, काय झालं? चाचा म्हणाले, "केवडं हाय?"

"एक पान."

"मजकूर मला दावू नका." आणि मी टाईप करत होते तेवढा वेळ ते कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. शाळेवर मुख्याध्यापकांची जागा रिकामी होती, कागदपत्रं मीच करायची, त्यामुळे मजकूर झरझर उतरला. चाचांनी त्या दिवशी साखळीत एक कडी जास्त घातली. नवं खातं उघडलं, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा पत्ता घातला. मधेच चाचींच्या बहिणीचा फोन आला आणि लाईन तुटली. पुन्हा सुरुवात केली. बहीण एक गोष्ट सांगायची विसरली होती म्हणून तिनं पुन्हा फोन केला. अखेर तास-दीड तासानं पत्र गेलं. चाचांनी घाम पुसला. "गेलं. आता म्या जरी शोदायचं म्हनलं, तरी मला गावायचं न्हाई."

तीन आठवड्यांनी टेम्पो आला, त्यातून दहा पोती उतरली आणि दहाही कोरडी. मी फळ्यावर उगाचच एक फूल काढलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी दोन नंबरच्या संगणकावर, साडीच्या आड, परीक्षेचा फॉर्म भरत बसले होते. आमच्याकडच्या शाळा तपासणारे साहेब कॅफेत आले. मला त्यांचा आवाज ओळखू आला.

"चाचा, फिनलंड कुठं आहे हो?"

"लांब हाय साहेब."

"तिथल्या माणसाला आमच्या वेल्ह्यातल्या शाळांचा तांदूळ कमी पडतो, हे कसं कळलं?"

"मायाळू असंल मानूस."

"थट्टा नको. तक्रार आली, वरून माझ्यावर ताशेरे आले. जिल्ह्याच्या कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलं तर फिनलंडला जाऊन थांबले. म्हटलं, आपण शोधू. या दोन तालुक्यांतून फिनलंडला जाणारी गाडी एकाच फलाटावरून सुटते." साहेबांनी खिशातून कागद काढल्याचा आवाज आला. "पण पाठवणारा मात्र माझ्याच खात्यातला आहे. ऐका. वर डाव्या कोपऱ्यात काय आहे? जा.क्र. सदतीस. खाली विषय, संदर्भ. शेवटी, सोबत: निरंक. निनावी तक्रारीला जावक क्रमांक घालणारं माणूस मास्तर नाहीतर बाईच असणार."

तीन वर्षं शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मी जावक क्रमांक घातला होता. वहीत शेवटचा छत्तीस होता, म्हणून हातानं सदतीस टाकला. मला पत्ताही लागला नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या सोमवारी शाळेच्या पत्राला मी इमानेइतबारे अडतीस दिला होता आणि वहीत सदतीसची ओळ कोरी सोडली होती. कशासाठी, हे स्वतःला विचारलंही नव्हतं. चार देश ओलांडून गेलेल्या पत्रावर मी माझ्याच हातानं शाळेचा शिक्का मारल्यात जमा होता.

"सोमवारी सगळ्या शाळांच्या जावक वह्या मागवतो," साहेब म्हणाले. "जिच्यात सदतीस गायब, ती शाळा."

साडीच्या फटीतून मला चाचा दिसत होते. त्यांनी माझ्या आडोशाकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"कशाला शाळांना तरास देताय साहेब," ते म्हणाले. "त्ये पत्र माजं हाय."

"तुमचं? तुमचा शाळेशी काय संबंध?"

"डोंगरातली मान्सं हितं येतात, बोलतात. ऐकलं, लिवलं."

"आणि हा जावक क्रमांक?"

"तेवीस वर्सं कारकुनी केली. आकडा टाकल्याबिगर माजा कागदच हालत न्हाई."

साहेबांचा विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात आतल्या दारातून चाची बाहेर आल्या. मी डोळे मिटून घेतले. या बाईनं नवऱ्याची एक गोष्ट कधी झाकून ठेवली नव्हती.

"खरं हाय वो साहेब," चाची म्हणाल्या. "मला बाजाराची चिठ्ठी देत्यात, तिच्यावर बी आकडा असतोय. मागल्या बारीला कोथमीर इसरले, तर म्हनले, पत्र क्रमांक बारा बगा."

साहेब हसले. त्यांनाही वर दाखवायला एक कागद हवा होता, आणि नोकरी सोडून बसलेल्या माणसाचं कुणी काय करणार? "मग लिहून द्या," ते म्हणाले.

चाचांनी लिहून दिलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, घर नंबर, आळी, मुक्काम पोस्ट भोर. खाली सही केली. कागद साहेबांच्या हातात देता देता परत घेतला आणि डाव्या कोपऱ्यात घातलं: जा.क्र. ३८.

नोकरी माझी वाचली. दहा पोतीही येत राहिली, कारण आता वरचे लक्ष ठेवून होते. चाचांना शिक्षा अशी काही झाली नाही. झालं ते एवढंच, की भोरभर बातमी पसरली: चाचांची साखळी फुटली. फिनलंडपर्यंत नेऊन शेवटी चाचाच सापडला! ज्यांच्या गुपितांसाठी त्यांनी हा खटाटोप केला, ती माणसं यायची बंद झाली. सापडायचंच असेल तर पुण्यात जाऊन सापडू, निदान पान लवकर उघडेल, असा त्यांचा हिशेब. सहा महिन्यांत दोन संगणक विकले गेले.

मी एकदा रडत त्यांना म्हटलं, "चाचा, तुमची साखळी फुटली नव्हती. मी आकडा घातला. लोकांना खरं सांगू द्या मला."

"म्हाईत हाय मला, फुटली न्हवती," ते म्हणाले. त्या एका वाक्यात त्यांचा आवाज जरा दुखरा झाला. मग नेहमीसारखे झाले. "बाई, साखळीत शेवटची कडी असती, तिचंच नाव समद्यांना दिसतंय. त्यो फिनलंडवाला बगा. कुनाकुनाचं पत्र त्याच्या नावावर निगतंय, लोक त्याच्या दारात जाऊन भांडत असत्याल. त्यानं कदी आपल्याला इचारलं, तुमी कोन म्हून? आपन चार वर्सं वापरला त्याला. एक डाव आपन बी त्याच्या जाग्यावर उबं ऱ्हायला नगं?"

मी कायम झाले, त्यानंतरही काही वर्षं त्याच खोलीत राहिले. चाचांचं वय झालं, किकवीला वळसा घालून जाणं जमेना, मग ते संध्याकाळी स्टँडवरच्या बाकावर येऊन बसत. कुणी ना कुणी हटकायचं, "काय चाचा, फिनलंडला निगाला काय?" आणि सगळे हसायचे. चाचाही हसायचे. एकदा एक पोरसवदा कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, येवडी चार देशांची साखळी, आन् फुटली कुटं वो?"

मी शेजारीच पिशवी घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ती फुटलीच नव्हती, ऐका, ते पत्र..."

"बाई," चाचा मला अडवत म्हणाले, "पळा, तुमची गाडी लागली."

मी वळून पाहिलं. फलाटावर एकही गाडी नव्हती.